नऊ फुटांचा पाटा

ही वही कुणाच्या हाती लागली तर आधीच सांगते, माझे अक्षर चांगले नाही. शाळा चौथीपर्यंत झाली. त्यानंतर चाळीस वर्षे या हाताने पेन कमी आणि हातोडी जास्त धरली, त्यामुळे अक्षर दाबून येते आणि मागच्या पानावर उमटते. ऱ्हस्व-दीर्घ मास्तरांनी शिकवले होते, पण ते राहिले नाही. चुकले असेल तिथे सांभाळून घ्यावे. नातवाच्या जुन्या वहीतली कोरी पाने फाडून मी ही वही शिवली आहे. कुणी लिही म्हटले नाही. चारचौघांत तोंड उघडायचे म्हटले की माझ्या घशाला कोरड पडते, म्हणून बोलायचे राहिलेले इथे लिहिते.

माझे काम पाट्याला टाकी घालण्याचे. आताच्या सुनांना हे समजावून सांगावे लागते. पाट्यावर वरवंटा फिरून फिरून दगड गुळगुळीत होतो. मग मिरची नुसती घसरते, वाटली जात नाही. अशा पाट्यावर टाकीने, म्हणजे बोटाएवढ्या पोलादी छिन्नीने, बारीक बारीक खड्डे पाडायचे. रांगेने, एकसारखे. फार खोल गेले तर त्यात वाटण अडकून आंबते, आणि उथळ राहिले तर महिन्यात पाटा पुन्हा तुळतुळीत. शेवटी खालच्या कोपऱ्यात एक मासोळी काढायची, ती आमच्या घराची खूण. पहिले वाटण फेकून द्या, त्यात दगडाची कच असते, एवढे सांगून पैसे घ्यायचे. पाट्याचे पाच, जात्याचे दहा.

हे काम मला सासूने शिकवले. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे. पोलीस ॲक्शन झाले त्या वर्षी त्या लग्न होऊन या शहरात आल्या. आता शहराचे नाव बदलले, पण त्यांच्या तोंडी शेवटपर्यंत औरंगाबादच राहिले. त्यांचा आवाज असा की गुलमंडीच्या तोंडाशी "पाट्याला टाकीऽऽ" म्हटले की पार शेवटच्या घरातली बाई पाटा उचलून दारात यायची. मला ते जमेना. पहिल्या दिवशी मी तीन गल्ल्या फिरले आणि एकदाही ओरडले नाही. घरी आल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "मुकी सून केली मी. आता हिला गळ्यात पाटी बांधून फिरवू का काय?" मग त्यांनीच युक्ती काढली. टाकी डाव्या हातात उभी धरायची आणि तिच्या डोक्यावर हातोडी मारायची. दोन हलके, एक जड. टक टक टण्ण. पोलादाचा आवाज गल्लीभर जातो. चार-सहा महिन्यांत बायका त्या आवाजावर ओळखू लागल्या आणि माझी आरोळी म्हणजे तेवढेच झाले.

गिऱ्हाइके तऱ्हेतऱ्हेची. गुलमंडीत कापडवाल्यांच्या घरच्या एक काकी होत्या, त्या दर महिन्याला पाटा काढून द्यायच्या. मी खड्डे बघायचे तर मागच्याच महिन्याचे टवटवीत. तरी मी वरवर हात फिरवायचे आणि तेवढ्या वेळात त्या आपल्या तिन्ही जावांचे सगळे सांगून घ्यायच्या. एकदा म्हणाल्या, "तू बरी आहेस गं, मधे बोलत नाहीस." फर्दापूरला लेणी बघायला येणाऱ्यांसाठी एक खाणावळ होती, तिथला पाटा दोघांनी उचलावा एवढा. त्याला टाकी घालायला मी एसटीने जायचे. मालक पैसे द्यायचा आणि वर वाढून जेवायला घालायचा, पण मी जेवत असताना समोर उभे राहून चटणी कशी झाली ते विचारायचा. मी मान हलवायचे. त्यातून त्याने काय समजायचे ते समजायचा.

या न बोलण्याने एकदा मोठे नुकसान झाले. ते लिहिल्याशिवाय पुढचे समजणार नाही.

टाकी घालण्याआधी दगड वाजवून बघायचा असतो. पाटा दोन लाकडांवर आडवा ठेवायचा आणि हातोडीने हलके ठोकत जायचे. चांगला दगड खणखणीत वाजतो. आत चीर असेल तर तिथे आवाज बद्द येतो, फुटक्या मडक्यासारखा. एका लग्नघरी मी असा पाटा वाजवला आणि मधोमध बद्द आवाज आला. सांगायला पाहिजे होते की या पाट्याला टाकी सोसणार नाही. पण दारात दहा बाया उभ्या, घरच्या सासूबाई घाईत, "आटप, आटप" म्हणत होत्या. माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. मी टाकी घातली, पाच रुपये घेतले आणि आले. आठ दिवसांनी नवी सून चटणी वाटत असताना पाटा दुभंगला. सून आली आणि पाटा फुटला, असे त्या घरात झाले. पुढे वर्षभर त्या पोरीला पांढऱ्या पायाची म्हणून टोचत होते, हे मला शेजारणीकडून कळायचे. मी जाऊन सांगू शकले असते की पाटा आधीच फुटका होता आणि मला माहीत होते. गेले नाही. उलट ती गल्लीच मी टाळली. तिचा चेहरासुद्धा मी नीट पाहिलेला नाही, पण ती आठवते.

पुढे घरोघर मिक्सर आले. पाटे आधी माडीवर गेले, मग अंगणात कपडे धुवायला आले. आठवड्याला चार पाटे मिळायचे, तेही जुन्या बायकांचे. आमचे मालक खडीच्या मशीनवर कामाला होते, त्यांच्या पगारात घर चालायचे. मी कशाला टाकी घेऊन उन्हात फिरते असे तेही म्हणू लागले होते.

त्या दिवसांत मला वासंती मॅडम भेटल्या. चित्रकलेच्या कॉलेजात शिकवायच्या आणि स्वतः दगडाची कामे करायच्या. मी एका ओट्यावर पाटा घेऊन बसले होते आणि त्या समोरच्या पायरीवर बसून बघत होत्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. तिसऱ्या दिवशी विचारले, घाव मोजता का? मी मान हलवून नाही म्हटले. मग त्यांनी सांगितले की शहरातल्या एका नृत्यशाळेच्या अंगणात त्यांना शिल्प उभे करायचे आहे. नऊ फुटांचा काळा दगड आणि त्याच्याभोवती तांब्याचा पट्टा. दगडाला पॉलिश नको आहे, त्याच्या अंगभर माझी टाकी पाहिजे आहे, अगदी पाट्याला घालते तशीच.

त्यांनी मातीचा नमुना दाखवला. मला वाटले होते नाचणारी बाई असेल, हात कमरेवर, पायात घुंगरू. तसे काहीच नव्हते. एक उभा दगड आणि त्याला वेढा घालून वर निघालेली पट्टी. घरी येऊन आत्याबाईंना सांगितले तर त्या म्हणाल्या, "यात बाई कुठंय?"

मी म्हटले, "बाई नाही. नुसता नाच आहे."

"बाईबिगर नाच? मंग घुंगरू कुणाच्या पायात बांधणार, ठेकेदाराच्या?"

मलाही तसेच वाटत होते. मॅडमना ते कळले असावे. त्यांनी मला नृत्यशाळेत नेले आणि तिथल्या बाईंना एकदा नाचून दाखवायला सांगितले. फरशीवर अनवाणी. मी लाजून खाली बघत होते, त्यामुळे मला त्यांचे हात, डोळे काही दिसले नाही, फक्त पाय दिसले. दोन हलके, एक जड. मग हलके वाढत गेले, जड मागे राहिला, आणि एकदम तिन्ही एका ठिकाणी पडले. फरशीला टाकी लागते आहे असे वाटले. मॅडमनी विचारले, कळले का? मी म्हटले, "रांग दाट होत जाते." त्या एवढ्या खूश झाल्या की मलाच काही चुकीचे बोलले की काय अशी भीती वाटली.

मजुरी ठरली ती आमच्या पद्धतीने. मी वितीने दगड मोजला. पाटे भरले तीस. मॅडमनी पाट्याला तीस रुपये लावले, म्हणजे नऊशे. एवढे पैसे एका कामाचे मी कधी पाहिले नव्हते.

तांब्याचे काम रशीदभाईंकडे होते. ते कलईवाले. मी ज्या गल्ल्यांत टाकी घेऊन फिरायचे त्याच गल्ल्यांत ते भाता घेऊन बसायचे, पितळेची भांडी आतून पांढरी करून द्यायचे. त्यांचाही धंदा स्टीलने खाल्ला होता. आम्ही वीस वर्षे एकमेकांना बघत होतो आणि बोललो कधीच नव्हतो. पट्टा बाहेरून तांबडा ठेवायचा आणि आतून कलई करायची, म्हणजे वेढ्याच्या आत चांदीसारखा उजेड पडेल, ही कल्पना त्यांची. तो पट्टा पेलायला आत लोखंडी गज होता आणि त्या गजासाठी दगडाच्या खांद्याशी, जमिनीपासून सात फुटांवर, आरपार भोक पाडायचे होते.

पायाचे आणि दगड उभा करायचे काम जाधव ठेकेदारांचे. माणूस वाईट नव्हता, आवाज मोठा होता.

मी टाकी घेऊन पहिल्या दिवशी गेले तर दगड उभा. शेजारच्या बांधकामावर क्रेन आली होती, ती जाधवांनी जाता जाता बोलावून घेतली आणि दगड खड्ड्यात उभा करून पाचरी ठोकून ठेवल्या. दोन दिवसांनी सिमेंट भरणार होते. मॅडमनाही दगडावर पडणारा उजेड बघायचा होता, म्हणून त्या काही म्हणाल्या नव्हत्या. माझ्यासाठी बांबूची परांची बांधून तयार होती.

मी त्या दिवशी टाकी पिशवीतून काढलीच नाही. सावलीत बसून राहिले. मॅडमनी विचारले तर पाय दुखतो म्हटले. दुसऱ्या दिवशी गेलेच नाही.

आत्याबाईंनी विचारले, घरी का? मी सांगितले की दगड उभा केला आहे. त्यांनी हातातले धान्य सुपात टाकले. आमच्या घराचा नियम आहे, उभ्या दगडाला टाकी लावायची नाही. उभा दगड म्हणजे देव किंवा कुणाच्या नावाचा. लग्न होऊन आल्यापासून मी एवढेच ऐकले होते. त्या दिवशी आत्याबाईंनी त्याचे दुसरे टोक सांगितले.

"आडवा दगड बोलतो," त्या म्हणाल्या. "जमिनीत रोवला की त्याचा आवाज माती पिऊन टाकती. मंग आत काय हाय ते कुणाला कळायचं? वाजवला होता का कुणी?"

मी म्हटले, खाणीतून आल्यापासून कुणी वाजवल्याचे मी पाहिले नाही.

"त्याच्यावर तांब्याचं वजन टांगणार. खाली पोरी नाचणार. आणि तू घरात बसून माझं तोंड बघतीस."

मला त्या नव्या सुनेची आठवण झाली. आत्याबाईंना ती गोष्ट मी कधी सांगितली नव्हती. पण त्या रात्री झोप लागली नाही एवढे खरे.

सकाळी गेले तेव्हा सिमेंट कालवायला घेतले होते. मॅडम, जाधव, रशीदभाई आणि चार मजूर, एवढी माणसे. मी मॅडमच्या जवळ जाऊन हळू म्हटले, "दगड आडवा करा." त्यांना ऐकू गेले नाही. पुन्हा म्हटले, तेव्हा सगळ्यांनाच ऐकू गेले.

जाधव हसले. "वहिनी, नऊ फुटाचा दगड आहे, खाट नाय. झोपवला का, उठवला का."

मी म्हटले, "वाजवून बघायचा आहे. उभ्याने वाजत नाही."

त्यांनी मॅडमना समजावले की क्रेन आडवे करायचे सहाशे घेते आणि उभे करायचे सहाशे, पायाचे पैसे खर्च झालेले आहेत, आणि बायकांच्या मनातल्या गोष्टींवर क्रेन बोलवायला लागलो तर शहरात एक इमारत उभी राहणार नाही. शाळेकडून आलेले पैसे दगडात आणि तांब्यात संपले होते, हे मला माहीत होते. तेवढ्यात रशीदभाई म्हणाले, "जाधवसाब, ये बाई बोलतीच नै कभी. बीस बरस में पैली बार बोलते सुना मैं. सुन लेव."

"सुनतो हो. पण बाराशे कोण देणार, तुम्ही?"

रशीदभाईंनी खिसे चाचपून दाखवले.

"मी देते," मी म्हटले.

बाराशे रुपये माझ्याकडे कुठून येणार होते हे मला माहीत नव्हते. जाधवांनाही ते कळले. ते चिडूनच म्हणाले, "बरं. आणि दगडात खोट निघाली तर बाराशे मी भरून देणार. सगळ्यांसमोर सांगतो. उद्या क्रेन."

घरी येऊन आत्याबाईंना सांगितले. त्यांनी बोटांवर हिशोब केला. कामाचे नऊशे मिळणार आणि क्रेनचे बाराशे जाणार. म्हणाल्या, "तीनशे रुपये वर देऊन कामाला जाणारी बाई आपल्याच घरात निघावी." मग उठल्या आणि धान्याच्या कणगीतून एक गाठोडे काढले. जुन्या लुगड्याच्या चिंध्या, चिंधीत चिंधी, त्यात नोटा. ते त्यांच्या मातीचे पैसे होते. मेल्यावर कुणापुढे हात पसरायला नको म्हणून त्यांनी टाकीच्या कमाईतून एकेक रुपया काढून ठेवला होता. घरात सगळ्यांना माहीत होते आणि आजारपणातसुद्धा कुणी त्याला हात लावला नव्हता.

मी नको म्हटले.

"घे," त्या म्हणाल्या. "पण मी मरायच्या आत परत पाहिजेत. नाय तर तुलाच खांद्यावर न्यावं लागंल मला, आणि तू तर अशी लाजाळू, रस्त्यात कुणाला बाजूला व्हा म्हणायची नाहीस."

दुसऱ्या दिवशी क्रेन आली. दगड दोन लाकडी ओंडक्यांवर आडवा ठेवला. मी पैसे क्रेनवाल्याच्या हातात आधीच दिले, म्हणजे मलाच मागे फिरता येऊ नये. मग पायाच्या टोकापासून वाजवायला सुरुवात केली. टण्ण. टण्ण. असा खणखणीत दगड मी आयुष्यात वाजवला नव्हता. कमरेपर्यंत आले, टण्ण. जाधव घड्याळ बघत होते. आणखी वर गेले, तरी टण्ण. आयुष्यात पहिल्यांदा मी दगड फुटका निघावा अशी इच्छा केली, आणि लगेच मॅडमकडे बघून लाज वाटली, कारण दगड फुटका निघाला तर त्यांचे सगळेच बुडणार होते.

खांद्याशी आले. बद्द.

पुन्हा वाजवला. बद्द. बोटभर बाजूला, बद्द. भोकाची खूण केली होती तिच्या बरोबर खाली.

जाधव म्हणाले, "मला तर सगळे आवाज सारखेच." रशीदभाईंना भट्टीपाशी ठोकून ठोकून कमी ऐकू यायचे, त्यांनी दगडावर तळहात ठेवला आणि मला पुन्हा मारायला सांगितले. ते मान हलवून म्हणाले, इकडे हाताला झिणझिण्या येतात आणि इकडे काहीच येत नाही. तरी जाधवांचे समाधान होईना. मग मी बादलीभर पाणी मागून घेतले आणि खांद्यावर ओतले.

हे आमच्यात लहान मुलालाही माहीत असते. दगड उन्हात लगेच वाळतो, पण चिरेत गेलेले पाणी लवकर सुकत नाही. आम्ही सगळे त्या दगडाभोवती उभे राहिलो. वैशाखाचे ऊन. आधी कडा वाळल्या, मग मधला भाग पांढरट झाला, आणि खांद्यावर एक काळी रेघ तशीच राहिली. केसाएवढी बारीक, दीड हात लांब, भोकाच्या खुणेतून तिरपी गेलेली. कुणी पेन्सिलीने ओढावी तशी.

जाधवांनी त्या रेघेवरून बोट फिरवले, ते बोट बघितले, आणि डोक्याला बांधलेला रुमाल सोडला. त्यांनी मजुरांना सिमेंट झाकून ठेवायला सांगितले. मग माझ्याकडे येऊन चारशे रुपये मोजून दिले आणि उरलेले देतो म्हणाले. मशीन भोक पाडायला उभ्या दगडावर चढवले असते तर खाली त्यांचीच माणसे होती, हे त्यांच्या लक्षात आले असावे.

मॅडम मात्र दगडाच्या पायाशी मातीत बसल्या होत्या. मला वाटले रडतात. जवळ गेले तर त्या चिरेकडे मान तिरपी करून बघत होत्या. म्हणाल्या, "हा तुकडा रेघेवर सुटेल का?"

मी म्हटले, "सुटेल."

"आणि बाकीचा?"

मी पुन्हा वाजवत गेले आणि कमरेच्या वर, डाव्या अंगाला, जिथे दगड सगळ्यात मोकळा वाजत होता तिथे गेरूने खूण केली. भोक इथे पाडा म्हटले. नंतर मला समजले की मी एका कॉलेजच्या बाईला तिचे शिल्प कुठे भोसकायचे ते सांगत होते. तेव्हा मात्र काही वाटले नाही. दगडाचे बोलणे चालले होते.

खांदा मीच उतरवला. रेघेवर सात पाचरी बसवल्या आणि एकेकीला थोडे थोडे मारत गेले. घाई केली तर दगड भलतीकडे फुटतो. सातव्या फेरीला आतून कट् असा आवाज आला आणि तुकडा झोपेतून कुशीवर वळावा तसा हलकेच सुटला. उरलेल्या दगडाचा एक खांदा आता खाली उतरलेला दिसत होता, आणि रशीदभाईंनी पट्टा उघडून कमरेपासून नव्याने वळवला तेव्हा आम्ही सगळेच बघत राहिलो. आधीच्या नमुन्यात दगड ताठ उभा होता आणि पट्टी त्याच्याभोवती फिरत होती. आता दगडच वळायला लागला होता. नृत्यशाळेच्या बाई येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी आपला एक खांदा खाली सोडला, कमरेतून गिरकी घेतली आणि दगडासारख्याच थांबल्या.

मग मी टाकी काढली. सव्वा महिना तो दगड आडवा होता आणि मी त्याच्यावर बसून काम केले. पायाकडे विरळ रांगा, वर दाट, आणि गिरकीपाशी दोन हलके एक जड असे की बोट फिरवले तर कळावे. रशीदभाई शेजारी तांबे ठोकायचे. कधी त्यांचा घाव आणि माझा घाव एकत्र पडायचा आणि आम्ही दोघेही न बघता हसायचो. शेवटी मागच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात मी मासोळी काढली. विचारले नाही. काम संपल्यावर ती काढल्याशिवाय माझा हातच थांबत नाही. मॅडमनी ती बघितली आणि आपले नाव तिच्या शेजारी घातले.

क्रेन पुन्हा आली. दगड उभा राहिला, सिमेंट भरले, पट्टा बसला. सकाळचे ऊन वेढ्याच्या आत गेले की कलईचा उजेड माझ्या टाकीच्या खड्ड्यांत पडायचा आणि सगळा दगड हलतो आहे असे वाटायचे. आता बाई कुठे आहे असे मला कुणी विचारले असते तर मी सांगू शकले असते की ती आत्ताच इथून गेली.

उद्घाटनाला खूप माणसे आली. मी पाण्याच्या टाकीमागे उभी होते. भाषणे झाली. जाधवच सगळ्यांना हात धरून नेऊन चिरेची गोष्ट सांगत होते, आणि दर वेळी ती चीर थोडी लांब होत होती. मॅडमनी बोलताना माझे नाव घेतले आणि पुढे बोलावले. मी गेले नाही. मग त्या स्वतः माईकची वायर ओढत टाकीमागे आल्या. सगळी माणसे वळली. घशाला कोरड पडली ती पडलीच. पण पिशवी खांद्याला होती. मी टाकी डाव्या हातात उभी धरली आणि हातोडी मारली.

टक टक टण्ण.

माईकमधून तो आवाज अंगणभर गेला. मागच्या खुर्च्यांतून एक म्हातारी उठून उभी राहिली. गुलमंडीच्या काकी. शेजारणीला मोठ्याने म्हणाल्या, "अगं, ही तर आपली टाकीवाली." आणि मग टाळ्या वाजल्या. इतक्या टाळ्या मी पुन्हा ऐकल्या नाहीत, आणि लागल्याही नाहीत.

जाधवांनी त्याच दिवशी आणखी चारशे दिले. राहिले चारशे. मी माझ्या मजुरीतून ते भरून द्यायला गेले तर आत्याबाईंनी हात मागे घेतला. "तुझे नकोत. ज्यानं शब्द दिला त्याचेच पाहिजेत."

श्रावणात त्या अंथरुणाला खिळल्या. डॉक्टरांनी मान हलवली, नातेवाईक भेटून जाऊ लागले. येणाऱ्या प्रत्येकाला त्या एकच सांगायच्या, "चारशे कमी हायेत. अजून नाय मरत." ही गोष्ट कुणाकडून तरी जाधवांपर्यंत गेली. दिवाळीच्या तोंडावर त्यांची स्कूटर आमच्या दारात लागली. एवढा मोठ्या आवाजाचा माणूस चपला काढून कोपऱ्यात बसला आणि म्हणाला, "आजी, बिलं अडकली होती माझी. चुकलं."

आत्याबाईंनी नुसता हात पुढे केला. चार नोटा घेतल्या, अंगठ्याने मोजल्या, उजेडाकडे धरून बघितल्या. मला गाठोडे आणायला सांगितले. आधीचे आठशे त्यात मिळवून तिनदा मोजले. बाराशे भरले. मग चिंधीत चिंधी गुंडाळून त्यांनी स्वतःच्या दातांनी गाठ आवळली.

"फिटलं ना आजी सगळं?" जाधवांनी विचारले.

"फिटलं."

मला भीती वाटली. त्या नुसत्या या पैशांसाठी थांबल्या आहेत असे आम्ही सगळे धरून चाललो होतो. मी जवळ बसून हळू म्हटले, "आत्याबाई, आता?"

त्यांनी गाठोडे उशाखाली सरकवले आणि कोपरावर जोर देऊन उठून बसल्या.

"आता काय? आता पैसे पुरे हायेत, आता कशाची घाई?" त्या म्हणाल्या. "जाधवाला च्या ठेव. मलाबी अर्धा कप."